पेरूजाला जायचं तर खालून वर चढत जा

एका ताईंनी विचारलंय: फ्लॉरेन्स आणि रोमच्या मध्ये दोन रात्री मोकळ्या आहेत. सोबत नवरा, नववीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. कोणीतरी पेरूजा सुचवलं. "पण ते तर चॉकलेटचं गाव ना? त्यासाठी डोंगर चढायचा का? तिथं नेमकं पाहायचं काय, त्याचा इतिहास काय, आणि तिथल्या पावात मीठ नसतं म्हणतात, ते का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो धागा धरला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटत जातात.

मी अठरा वर्षं मराठी मंडळींचे गट इटलीत फिरवतोय. त्याआधी याच गावातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात भाषेचा एक उन्हाळी वर्ग केला होता, म्हणून पेरूजाकडे माझा थोडा पक्षपात आहे, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा गट घेऊन गेलो तेव्हा रात्रीच्या जेवणाला एका काकूंनी पावाचा तुकडा तोंडात घातला, थांबल्या, आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू पाव मीच भाजलाय. मग पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची बरणी निघाली आणि टेबलभर फिरली. वेटरला मी कारण विचारलं, तर त्याने बोट वर करून थेट पोपवर आळ घेतला. तोही पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या पोपवर!

गोष्ट अशी. पेरूजा पोपच्या राज्यात होतं, पण फक्त नावापुरतं. कर, मीठ, न्याय या बाबतीत शहराचे जुने करार होते आणि ते जपण्यात पेरूजाकर पक्के होते. १५४० मध्ये पोप पॉल तिसरा याने मिठावरचा कर वाढवला. शहराने नकार दिला, पंचवीस जणांचं मंडळ नेमून बंड पुकारलं, आणि कथीड्रलच्या दारावर क्रूसावरच्या येशूची मूर्ती बसवून शहराच्या किल्ल्या तिच्या पायाशी ठेवल्या. म्हणजे आता आमचा मालक पोप नव्हे, हा. ती मूर्ती आजही चौकाकडच्या दारावर आहे. बंड मात्र टिकलं नाही. जून १५४० मध्ये पोपचा मुलगा पिएर लुईजी फार्नेझे फौज घेऊन आला आणि शहर पडलं. तेव्हापासून रागाने पेरूजाकरांनी पावात मीठ घालणं सोडलं, असं इथे प्रत्येक जण सांगतो.

मला ही कथा आवडते, पण ती जशीच्या तशी गिळू नका. शेजारच्या तोस्काना प्रांतातही पाव अळणीच असतो, आणि तिथे पोपचं राज्य नव्हतं. मध्य इटलीत अळणी पावाची रीत बहुधा या लढाईपेक्षा जुनी असावी. इथलं खारवलेलं मांस आणि मेंढीच्या दुधाचं चीज इतकं खारट असतं की पावात मीठ नसलेलंच बरं. तरीही पेरूजाकर सगळ्या गोष्टींचा माग काढत शेवटी पोपपाशी जातात, हे लक्षात ठेवा. या गावाची वाट त्याच भांडणातून जाते, आणि ती अक्षरशः जमिनीखालून सुरू होते.

बहुतेक लोक वरच्या मुख्य चौकात उतरतात, कारंज्याचा फोटो काढतात, चॉकलेट घेतात आणि तीन तासांत शेजारच्या असीसी गावाला निघतात. तुम्ही तसं करू नका. बस किंवा टॅक्सीने खालच्या पियात्सा पार्तिजानी इथे उतरा आणि सरकते जिने पकडा. हे जिने १९८३ मध्ये बसवले. दोन-तीन टप्पे चढलात की उजेड कमी होतो, हवा गार होते, आणि एका क्षणी लक्षात येतं की आपण एका रस्त्यावर उभे आहोत. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, दारं, खिडक्यांच्या चौकटी, कोपऱ्यावर एका मनोऱ्याचा बुंधा. फक्त आकाश नाही. त्या जागी विटांची भलीमोठी कमान. आमच्या गटातल्या एका आजींनी वर पाहत अगदी नेमका प्रश्न विचारला होता: "या गल्लीला छप्पर कोणी घातलं?"

छप्पर पोपने घातलं. बंड मोडल्यावर पॉल तिसऱ्याने शहराच्या मानगुटीवर किल्ला बांधायला सांगितला: रोक्का पाओलिना. वास्तुकार होता अंतोनियो दा सांगाल्लो धाकटा. जागा मुद्दाम निवडली. दक्षिणेकडच्या या टेकाडावर बाल्योनी घराण्याचे वाडे होते, आणि पोपच्या दृष्टीने सगळ्या उपद्रवाचं मूळ तेच घराणं. शंभरावर घरं, मनोरे, चर्च यांची मोडतोड झाली. पण सांगाल्लोला घाई होती. सगळं भुईसपाट करत बसण्यापेक्षा त्याने घरांचे वरचे मजले छाटले, खालच्या भिंती आधाराला ठेवल्या, गल्ल्यांवर कमानी टाकल्या आणि त्यावर किल्ला उभा केला. तीनेक वर्षांत काम फत्ते. "पेरूजाकरांचा माज उतरवण्यासाठी" अशा अर्थाचा लॅटिन लेख त्यावर कोरला होता, असं इथे परंपरेने सांगतात.

पेरूजाकरांनी हा अपमान तीनशे वर्षं सांभाळून ठेवला. १८४८ मध्ये पहिली संधी मिळताच किल्ला पाडायला घेतला, पोपची सत्ता परतल्यावर तो दुरुस्त झाला, आणि १८६० मध्ये पोपचा अंमल कायमचा संपल्यावर लोक कुदळी घेऊन पुन्हा चढले. वरचा सगळा किल्ला गेला. त्या जागी आज पियात्सा इतालिया, सरकारी इमारती आणि कार्दुच्ची बाग आहे. उरलं ते फक्त खालचं तळघर, म्हणजे बाल्योनींची गल्ली. ज्यांना गाडायला किल्ला बांधला, त्यांची घरं तेवढी शिल्लक राहिली. बांधणारा पोप आणि पाडणारे नागरिक, दोघांपैकी कोणीच हे ठरवलं नव्हतं.

बाल्योनी काही संतमहंत नव्हते, हेही सांगायला हवं. जुलै १५०० मध्ये या घराण्यात आस्तोर्रे बाल्योनीचं लग्न झालं. पाहुण्यांची गर्दी, कमानी, मेजवान्या सुरू असताना रात्री घरातल्याच काही तरुणांनी, ग्रिफोनेत्तो बाल्योनी त्यांत पुढे, आस्तोर्रेला आणि आणखी काही भाऊबंदांना झोपेत मारलं. जानपाओलो बाल्योनी छपरांवरून निसटला, फौज घेऊन परतला, आणि ग्रिफोनेत्तो मारला गेला. त्याची आई आतालांता. या कटामुळे तिने मुलाला घराबाहेर काढलं होतं, आणि तो मरताना त्याच्याजवळ तीच होती. पुढे तिने एका तरुण चित्रकाराकडून वेदीसाठी चित्र काढून घेतलं: क्रूसावरून उतरवलेला मृत येशू वाहून नेताहेत आणि आई शुद्ध हरपून कोसळलीय. चित्रकार होता राफाएल, साल १५०७. ते चित्र इथल्या सान फ्रांचेस्को अल प्रातो चर्चमध्ये शंभर वर्षं होतं. १६०८ मध्ये पोप पॉल पाचवा याच्या भाच्यासाठी, म्हणजे कार्डिनल शिपिओने बोर्गेझेसाठी, ते रातोरात उचललं गेलं. रोमच्या बोर्गेझे संग्रहात पाहाल तेव्हा आठवण ठेवा. पेरूजाकर अजून ठेवतात.

गल्लीतून पोर्ता मार्त्सिया या दाराने बाहेर पडा आणि वळून पाहा. हे दार एत्रुस्कन आहे, येशूच्या जन्माआधीचं. वर झरोक्यातून डोकावणाऱ्या मूर्ती आणि दोन घोड्यांची तोंडं दिसतील. ते काळाने झिजलेत, पण घोडे ओळखू येतात. सांगाल्लोचा किल्ला नेमका या दारावरून जाणार होता. सगळं तोडणाऱ्या त्या माणसाने हे दार मात्र दगड सुटे करून किल्ल्याच्या भिंतीत पुन्हा बसवलं. वास्तुकाराचा हात इथे थबकला असणार.

एत्रुस्कन लोक म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेली नगरराज्यं. पेरूजा त्यातल्या प्रमुख बारांपैकी एक मानलं जातं. त्यांची तटबंदी, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेल्या ट्रॅव्हर्टीन दगडांची, आजही शहरभर मधूनच भिंतीत, दुकानाच्या मागे, एखाद्या जिन्याच्या कडेला डोकावते. पण सासूबाईंना एकच गोष्ट दाखवायची असेल तर उत्तरेच्या टोकाला आर्को एत्रुस्को दाखवा. परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाच्या इमारतीपाशी, पालात्सो गाल्लेंगाच्या पायऱ्यांवर त्यांना बसवा आणि समोर बघायला सांगा. खाली प्रचंड एत्रुस्कन दगड. कमानीवर लॅटिन अक्षरं: आउगुस्ता पेरूसिया. त्याच्या वर आणखी एक ओळ, कोलोनिया विबिया. आणि डावीकडच्या बुरुजाच्या माथ्यावर सोळाव्या शतकातला नाजूक खांबांचा सज्जा, जणू कोणीतरी किल्ल्यावर गच्ची बांधली. दोन हजार वर्षांचा जमाखर्च एका दारावर, आणि खालून स्कूटर जाताहेत.

त्या "आउगुस्ता" शब्दामागे पहिला मोठा वेढा आहे. इ.स.पू. ४१ मध्ये मार्क अँटनीचा भाऊ ल्यूसियस अँटोनियस ऑक्टेव्हियनशी लढताना पेरूजात अडकला. ऑक्टेव्हियनने शहराला खंदक आणि तटाने वेढून उपाशी मारलं. उपासमार इतकी भीषण होती की "पेरूजाची भूक" हा लॅटिनमध्ये वाक्प्रचारच झाला. इथे शिशाच्या गोफणगोळ्या सापडल्यात आणि त्यावर सैनिकांनी एकमेकांना शिव्या कोरल्यात. ल्यूसियसला टकल्या म्हटलंय, बाकीचं मी नववीतल्या मुलासमोर सांगणार नाही. इ.स.पू. ४० मध्ये शहर शरण आलं आणि लुटीच्या आधीच आग लागली. केस्टियस नावाच्या रहिवाशाने स्वतःचंच घर पेटवलं आणि ती पसरली, असं अप्पियन हा इतिहासकार सांगतो. ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस सम्राट झाला, शहर पुन्हा वसवू दिलं आणि दारावर आपलं नाव कोरलं. दुसरी ओळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली, गाल्लुस या सम्राटाच्या काळची. त्याचं घराणं इथलंच.

एत्रुस्कन विहीर पाहायची का? मुलाला नक्की न्या. कथीड्रलच्या मागे पियात्सा दांतीजवळ उतरायला वाट आहे. साधारण ३७ मीटर खोल, वरच्या भागात साडेपाच मीटरांहून जास्त रुंद, आणि तोंडाशी दगडी तुळयांची अशी जुळणी की वरचं वजन दोन्हीकडे विभागून जावं. पायऱ्या अरुंद आणि ओल्या असतात, भिंतींतून पाणी पाझरत असतं. गुडघे कुरकुरत असतील तर सासूबाईंनी वर कॉफी घ्यावी. पण ही विहीर पाहिली की वेढ्यांच्या सगळ्या गोष्टींचा अर्थ लागतो. डोंगरावरच्या शहराला शत्रूपेक्षा तहानेची धास्ती जास्त.

मुख्य चौकातलं कारंजं म्हणजे याच धास्तीचं उत्तर. फोंताना माज्जोरे १२७८ मध्ये पूर्ण झालं. शिल्पं निकोला पिझानो आणि त्याचा मुलगा जोव्हान्नी यांची, देखरेख फ्रा बेविन्याते या साधूची, पाण्याचं गणित बोनिनसेन्या या व्हेनिसच्या तज्ज्ञाचं. लोक शिल्पांवरच थांबतात. मी म्हणतो, आधी पाण्याचा विचार करा. उगम काही किलोमीटर दूर, मोन्ते पाच्चानो या डोंगरावर. मध्ये दरी. पाणी आधी खाली उतरवून मग दाबाने वर चढवायचं, तेही तेराव्या शतकात. नळ फुटायचे, गळायचे, पुन्हा बसवायचे. त्या पन्हळाचा एक भाग आता पायवाट झालाय. व्हिया देल्ल'आक्वेदोत्तो या वाटेने चालताना लोकांच्या खिडक्या हाताशी येतात, त्यांच्या कुंड्यांतल्या तुळशीचा वास येतो. इटलीची तुळस, पण वास ओळखीचा.

आता शिल्पं. कारंज्याभोवती लोखंडी कठडा आहे, जवळ जाता येत नाही, म्हणून एखादी लहान दुर्बीण ठेवा किंवा फोन झूम करा. खालच्या हौदाला २५ बाजू आणि त्यावर ५० चौकटी. बारा महिन्यांची कामं पाहा: जानेवारीत नवरा-बायको शेकोटीशी बसलेत, जूनमध्ये कापणी, जुलैत मळणी, सप्टेंबरात द्राक्षं तुडवणं, डिसेंबरात डुक्कर कापणं. लांडगा आणि करकोचा, लांडगा आणि कोकरू या इसापाच्या गोष्टीही तिथे आहेत. मुलाला शोधायला सांगा, अर्धा तास शांततेत जाईल. वरच्या हौदावर २४ मूर्ती, आणि त्यांत मला सर्वांत आवडणारी तिघींची रांग. मध्ये पेरूजा ही स्त्री, मांडीवर समृद्धीचं शिंग. एका बाजूला क्युसी या दुसऱ्या गावाची स्त्री धान्य घेऊन, दुसऱ्या बाजूला त्रासिमेनो सरोवराची स्त्री मासे घेऊन. शहराने आपला रोजचा शिधा कुठून येतो ते दगडात लिहून ठेवलंय. ते कौतुक आहे की दमदाटी, ते क्युसीच्या माणसाला विचारा.

क्युसीचा विषय निघालाच आहे तर: कथीड्रलमध्ये, म्हणजे सान लोरेंत्सोमध्ये, मेरीच्या लग्नातली म्हणून पूजली जाणारी अंगठी आहे. १४७३ मध्ये ती क्युसीहून पळवून आणली गेली आणि परत द्यायला पेरूजाने साफ नकार दिला. कुलपांत कुलूप घालून ठेवलीय, दर्शन ठरावीक दिवशीच. कथीड्रलचं बांधकाम १३४५ मध्ये सुरू झालं, संपायला १४९० उजाडलं, आणि दर्शनी भिंतीवर संगमरवर चढवायचं राहूनच गेलं. गुलाबी-पांढरी नक्षी खाली थोडी लावून सोडून दिलीय. पैसे संपले की उत्साह, असं पर्यटक विचारतात. दोन्ही, असं मी सांगतो.

कथीड्रलच्या बाहेर पोप जुलियस तिसऱ्याचा ब्राँझचा पुतळा बसलाय, १५५५ चा, व्हिंचेंत्सो दांतीचा. पोपवर चिडलेल्या गावात पोपचा पुतळा का? कारण पॉलने काढून घेतलेल्या अधिकारांतले काही याने परत दिले. हिशेब चोख.

आणि हे भांडण ज्यांच्याशी, ते पोप इथे राहायलाही यायचे. तेराव्या-चौदाव्या शतकात पाच पोप पेरूजात निवडले गेले. इन्नोसंट तिसरा, त्याच्या काळातला युरोपातला सर्वांत बलाढ्य माणूस, १२१६ मध्ये इथे वारला. रात्री कोणीतरी त्याची वस्त्रं आणि दागिने उतरवून नेले आणि सकाळी देह जवळपास उघडा पडलेला मिळाला. पाहणाऱ्या एका पाद्र्याने ते लिहून ठेवलंय. १३०५ मध्ये अकरा महिन्यांच्या खलानंतर इथेच क्लेमेंट पाचवा निवडला गेला. तो रोमला गेलाच नाही, आणि पोपचं ठाणं फ्रान्समध्ये आव्हिन्योंला पोचलं. पुढचा एक पोप, लिओ तेरावा, इथे १८४६ पासून बिशप होता, तब्बल बत्तीस वर्षं. त्यामुळे पेरूजाकरांचं पोपशी असलेलं नातं भाऊबंदकीचं समजा. कज्जा आहे, पण परका नाही.

समोरचा पालात्सो देई प्रिओरी म्हणजे शहराचं स्वतःचं घर. १२९३ ला सुरुवात, मग दीडशे वर्षं लांबत गेला, म्हणून इमारत रस्त्याबरोबर किंचित वळते. पंख्यासारख्या पायऱ्या चढून नोटरींच्या सभागृहात जा, कमानींखालची रंगवलेली भिंत पाहा. दारावर ग्रिफिन आणि सिंह आहेत. ग्रिफिन म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड. हे शहराचं चिन्ह, ते पुढे आणखी एकदा येणार आहे.

वरच्या मजल्यावर उंब्रियाचं, म्हणजे पेरूजाच्या प्रांताचं, राष्ट्रीय चित्रसंग्रहालय आहे. दोन तास द्या, पण सासूबाई थकल्या असतील तर ते सोडून खालच्या सराफांच्या कचेरीत न्या: कोल्लेज्यो देल काम्ब्यो. नाणी बदलून देणाऱ्यांचा हा संघ. त्यांनी आपली छोटीशी खोली १५०० च्या सुमारास पेरुजीनो या चित्रकाराकडून रंगवून घेतली. मधल्या खांबावर चौकटीत लाल टोपी घातलेला, जाड मानेचा, खट्टू चेहऱ्याचा एक माणूस आहे. तो पेरुजीनो स्वतः. खाली लॅटिनमध्ये त्याचं कौतुक: चित्रकला हरवली असती तर याने ती परत मिळवून दिली असती. अशी स्तुती आणि असा चेहरा, एकाच चौकटीत!

पण पेरुजीनोची खरी गोष्ट सान सेव्हेरोच्या देवळीत आहे. जागा लहान, तिकीट लहान, गर्दी नाही. भिंतीवरच्या चित्राचा वरचा भाग राफाएलने तरुणपणी काढला. मग तो रोमला गेला, खालचा भाग राहून गेला. १५२० मध्ये राफाएल वारला, सदतिसाव्या वर्षी. १५२१ मध्ये साधूंनी उरलेली जागा भरायला पेरुजीनोला बोलावलं. राफाएल तरुणपणी ज्याच्या पठडीत घडला, तोच हा. सत्तरीचा गुरू खाली सहा संत काढून गेला. वरचे संत हवेत तरंगताहेत, खालचे आपले ओळीत उभे. कलेचे जाणकार म्हणतात, खालचं काम फिकं आहे. असेल. मी मात्र गट घेऊन गेलो की तिथे काहीच बोलत नाही. दोनच वर्षांत, १५२३ मध्ये, पेरुजीनोही प्लेगने गेला.

उरलेलं भराभर सांगतो. सान मिकेले आर्कांजेलो हे गोल चर्च, पाचव्या-सहाव्या शतकातलं, आत जुन्या इमारतींतून आणलेले १६ खांब, प्रत्येक वेगळा. तिथलं हिरवळीचं अंगण सासूबाईंना आवडेल. सान बेर्नार्दिनोच्या दर्शनी भिंतीवर आगोस्तिनो दी दुच्चोचे, वाऱ्यावर उडणाऱ्या वस्त्रांतले देवदूत. पुरातत्त्व संग्रहालयात, सान दोमेनिकोच्या आवारात, एत्रुस्कन भाषेतला मोठा शिलालेख: १८२२ मध्ये सापडला, ४६ ओळी. चॉकलेट हवंच असेल तर घ्या. पेरूजीना कंपनी १९०७ ची, हेझलनटवालं 'बाची' १९२२ चं. आधी त्याचं नाव 'गुद्दा' होतं म्हणतात, कारण आकार मिटलेल्या मुठीसारखा. ग्राहकाने दुकानात गुद्दा कसा मागायचा? म्हणून चुंबन झालं.

आता ग्रिफिनकडे परत. २० जून १८५९ रोजी पोपच्या स्विस सैनिकांनी बंडखोर पेरूजावर चाल केली आणि शहरात घुसून लूट व कत्तल केली. ते आले त्या दक्षिणेकडच्या रस्त्याचं नावच आज बोर्गो २० जून आहे. सान पिएत्रो चर्चच्या दिशेने चालत गेलात की बागेत १९०९ चं स्मारक दिसेल: शहराचा ग्रिफिन पोपचा तिहेरी मुकुट नखांनी फाडतोय. एवढं उघड शिल्प इटलीतही विरळा. कत्तलीच्या पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर १८६० रोजी, उत्तर इटलीतल्या पियेमोंते राज्याची फौज आली आणि पोपचं राज्य संपलं.

योगायोग बघा: दुसऱ्या महायुद्धात पेरूजा जर्मनांच्या ताब्यातून सुटलं तीही तारीख २० जून, साल १९४४. ब्रिटिश आठवं सैन्य इथून उत्तरेकडे तीबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शिरलं, आणि त्यात भारतीय पलटणी होत्या. वीस दिवसांनी, १० जुलैला, तिथल्या डोंगरात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची एक तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. नाईक यशवंत घाडगे यांच्याखेरीज तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळीने पडले. वय २२. रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर नाही, नाव कासीनोच्या स्मारकावर आहे.

पेरूजापासून साधारण ४० किलोमीटर उत्तरेला मोंतोने नावाचं तटबंदीचं छोटं गाव आहे. पंधराव्या शतकात पेरूजा काबीज करणारा सेनानी ब्राच्चो याच गावच्या घराण्यातला. कथीड्रलच्या कडेच्या कमानी त्याने बांधल्या, तुम्ही सावलीला उभे राहाल त्या त्याच. या मोंतोनेत जुलै २०२३ मध्ये घाडग्यांचं स्मारक उभं राहिलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, सगळे एकाच सूर्याखाली. तुमच्याकडे दुसऱ्या दिवसाची दुपार असेल आणि गाडी भाड्याने घेतली असेल, तर असीसीऐवजी इथे जा, असं मी म्हणेन. असीसी ट्रेनने पंचवीस मिनिटांवर आहे, तिथे सगळं जग जातं. मोंतोनेत मराठी आवाज क्वचितच ऐकू येतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. रेल्वे स्टेशन डोंगराखाली आहे. तिथून मिनिमेत्रो नावाचे छोटे, तारेने ओढले जाणारे डबे वर जातात, २००८ पासून. ते रात्री उशिरापर्यंत चालत नाहीत, म्हणून जेवायला वर गेलात तर परतीची वेळ आधी पाहून ठेवा, किंवा मुक्कामच वर करा. मी वरच सुचवीन, पण हॉटेलला लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, कारण जुन्या वाड्यांत लिफ्ट आहे म्हणजे दुसऱ्या मजल्यापासून आहे असाही अर्थ निघतो. शाकाहारी असाल तर तोर्ता अल तेस्तो मागा: तव्यासारख्या जाड पाटावर भाजलेली जाडसर भाकरी, मध्ये परतलेली पालेभाजी आणि चीज. मांस नको हे आधी सांगा, कारण नेहमीच्या सारणात डुकराचं सॉसेज असतं. भाकरी तुम्हाला घरची वाटेल. चटणीची बरणी मात्र पिशवीत असू द्या.